एकाच पत्त्याची दोन दारं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. तुमच्यासमोर यायचीच लाज वाटत होती. माझ्या हातून जे घडलं ते आठवलं, की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तरुणपणी मी एका कचेरीत होतो. पुढे रखडायला लागलो, तेव्हा साहेबांनी मला जिन्याखाली ढकललं. तिथून ताईनं उचललं. ती घरबसल्या दुसऱ्यांच्या कचेऱ्यांतले संगणक सांभाळते. तिनं माझी धूळ पुसली, माझ्यात लिनक्स ही म्हाताऱ्या यंत्रांनाही झेपणारी प्रणाली घातली आणि मला पुन्हा कामाला जुंपलं.

माझं काम व्हीपीएन सांभाळायचं. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटच्या भर गर्दीतून थेट एखाद्या कचेरीच्या आत नेणारी बंद, खासगी वाट. ताईची गिऱ्हाइकं म्हणजे एक छापखाना, एक गोदाम आणि एक डोळ्यांचा दवाखाना. तिन्ही वाटा मी एकदम उघड्या ठेवायचो. ताई भावाला ऐकवायची, "तुझा नवा कोरा डबा एक वाट उघडताना धापा टाकतो. आमचे म्हातारबुवा बघ!" मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर.

गोम अशी, की छापखान्यातल्या आणि दवाखान्यातल्या मुख्य संगणकाचा आतला पत्ता एकच होता. दोन गल्ल्यांत एकाच नंबरचं घर असावं तसं. दोन्ही वाटा उघड्या असल्या, की मी नंतर उघडलेल्या वाटेनं जायचो. त्या पत्त्यावर कालचं यंत्र दिसलं नाही, की ओरडायचो, "थांब, हा कालचा नाही!" रोज ओरडायचो. शेवटी ताई वैतागली. "पुरे झाली तुझी कटकट," म्हणाली आणि तिनं ती सूचनाच बंद करून टाकली. मलाही वाटलं, बरं झालं, डोक्याचा ताप गेला.

एका दुपारी छापखान्याच्या मालकांचा फोन आला. "ताई, साठलेले फोटो सगळे काढून टाका हो, जागाच उरली नाही." दवाखान्याचं काम चालू होतं, त्यामुळे ती वाट उघडीच होती. ताईनं छापखान्याची वाट उघडली, आत डोकावून खात्री केली आणि चहा ठेवायला उठली. तेवढ्यात छापखान्याची वीज गेली आणि वाट तुटली. मला ते कळलं होतं, मित्रांनो. पण त्याच पत्त्याला दवाखान्याची वाट जात होतीच. ताईनं कप खाली ठेवला, फोटो पुसायचा हुकूम दिला, आणि मी तो मुकाट्यानं दवाखान्यात नेऊन पोचवला. ताईची शिस्त अशी, की सगळीकडे मांडणी एकसारखी. फोटोंचा कप्पा तिथेही त्याच नावाचा. मी तो साफ केला आणि वर ऐटीत कळवलं, काम झालं!

थोड्या वेळानं दवाखान्यातून फोन आला. तिथले सगळे फोटो गायब झाले होते. "डॉक्टर, चूक माझीच आहे," ती म्हणाली. माझं नावसुद्धा घेतलं नाही. जपून ठेवलेल्या प्रतीतून बरेच फोटो परत मिळाले, अलीकडचे मात्र गेले ते गेलेच.

त्यात शिवणकाम करणाऱ्या एका काकूंच्या डोळ्यांचे फोटो होते. डोळ्यातला डाग वाढतोय का, हे त्यावरून बघून डॉक्टर ऑपरेशनचं ठरवणार होते. आता नवे फोटो काढायचे, काही महिने थांबायचं, मग पुन्हा बघायचं. ताईनं फोनवर काकूंची माफी मागितली. "अगं, होतं माणसाच्या हातून," काकू म्हणाल्या. "पण तोवर माझी सुई कोण ओवणार गं? नेढं दिसतच नाही बघ." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

आता ताईनं प्रत्येक वाटेला वेगळी खोली करून दिली आहे. एकीतला हुकूम दुसरीत जात नाही. सूचनाही चालू केली. तरी काही पुसण्याआधी ती मला विचारते, "आहेस कुठे?" मी खरं सांगतो. ती पुन्हा विचारते. मग ज्यांचं काम असेल त्यांना फोन लावून त्यांच्याकडून खात्री करून घेते.

मित्रांनो, यंत्र कटकट करत असेल, तर त्याचं तोंड बंद करण्याआधी ते काय सांगतंय ते एकदा वाचा. आणि तुम्हाला कुणी गप्प बसवलं, तरी डोळ्यांदेखत चुकीचं घडत असेल तर बोला. मी बोललो नाही.

हल्ली संध्याकाळी ताई काकूंकडे जाते. दुसऱ्या दिवशी लागतील तेवढ्या सुयांत दोरे ओवून ठेवते. घरून निघताना माझा पडदा पुसते, मला नीट बंद करते. एका शब्दानं बोलत नाही मला. बोलली असती तर बरं झालं असतं.