पैकीच्या पैकी मार्क

"फूल, चाक, दूध, घोडा... आणि?"

"आणि तुझं डोकं!" न्हावी वैतागला. "सकाळपासून मेला हाच जप. मी काय शाळेत जातोय?"

"आरसा! अहो, दिवसभर आरशासमोर उभे असता, नेमका तोच कसा निसटतो?" बायको हसली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणवून घेऊ लागली.

परवा शेजारणीच्या सासऱ्याला दवाखान्यात हेच पाच शब्द ऐकवून थोड्या वेळाने पुन्हा विचारले होते. म्हातारा गडबडला, तसं त्याला आत, शहरातून थोड्या दिवसांसाठी आलेल्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. झालं! गल्लीभर बोभाटा, म्हातारा वेडा ठरला. न्हावीही हल्ली गिऱ्हाइकांची नावं विसरत होता, एकदा तर भरदुपारी बाजारातून येताना घराची वाट चुकला. पण वेडा? वेड्याच्या वस्तऱ्याखाली मान कोण देणार? म्हणून तिने शेजारणीकडून सगळे प्रश्न काढून आणले आणि नवऱ्याकडून घोकून घेतले. वार, महिना, घड्याळाचं चित्रसुद्धा.

दवाखान्यात नर्सने विचारायचा अवकाश, न्हाव्याने घडाघडा सांगितलं. आरसासुद्धा! बायकोचा ऊर भरून आला.

"काका ठणठणीत आहेत, मावशी. वयोमानानं होतं थोडं विसरायला."

आतल्या खोलीत मोठे डॉक्टर एकटेच चहा पीत बसले होते. तिने लांबूनच नमस्कार केला आणि नवऱ्याला घेऊन सटकली.

पुढच्याच आठवड्यात न्हाव्याने मास्तरांच्या एकाच गालाची दाढी केली आणि कापड झटकलं.

"अरे, दुसरा गाल?"

"झालं म्हणतो ना!" तो असा ओरडला की बायको आतून धावत आली. मास्तरांनी उरलेला फेस पुसला. "असू द्या वहिनी. उद्या येतो."

ती तडक दवाखान्यात गेली. "मी पढवलं होतं हो त्यांना. पुन्हा घ्या ना परीक्षा!"

नर्सने कपाळाला हात लावला. "मावशी, ती परीक्षा नव्हती हो. चुकले असते तर डॉक्टरांनी तपासलं असतं. कालच गेले ते. आता वर्षानं येतील."

"दुसरे कुणी?"

"जवळपास कुणीच नाही."

"औषधानं बरे झाले असते?"

"बरे नाही. पण आत्ताच कळलं असतं तर थोडं सावरता आलं असतं."

तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने गेले. गुळगुळीत दाढी केलेले, खाली मान घालून. न्हावी कापड हातात धरून कधीचा उभा होता. कुणीच येईना. बायकोला ते बघवेना. ती उठली आणि स्वतःच खुर्चीत जाऊन बसली.

त्याने तिच्या गळ्याभोवती कापड नीट गुंडाळलं, मागे गाठ मारली.

"बोला," तो अदबीने म्हणाला, "दाढी की केस?"

"केस," ती म्हणाली.