आधी स्वतःच्या कानाला लावा

मी एका कानाचा हेडफोन बोलतोय. हळू बोलतोय, कारण मोठ्या आवाजाची मला भीती वाटते. हेडफोनने आवाजाला भ्यावं याचं तुम्हाला हसू येईल. पण तुमचा डावा कान माझ्यासारखा जळाला असता, तर तुम्हीही भ्याला असता.

माझा जन्म लढाईच्या दिवसांतला. विलायतेतल्या एका कारखान्यात माझ्या दोन्ही कानांत केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळली, हजारो वेढे घेऊन. त्या तारेमुळे माझी तऱ्हा निराळी झाली. लाउडस्पीकरला वीज भरपूर लागते, पण तिचा दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी असला तरी त्याचं भागतं. मला वीज चिमूटभर पुरते, पण दाब हवा. दाब कमी पडला तर मी नुसता कुजबुजतो, आणि वीज चिमटीबाहेर गेली तर जळतो.

लढाई संपल्यावर भंगाराच्या ढिगातून मी अकोल्याला आलो. तिथे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेल्या किसनरावांनी मला उचललं. माणूस हौशी, पण भारी उतावळा. रेडिओत आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या असतात, त्यांतल्या शेवटच्या व्हॉल्व्हजवळ आवाजाला जोर असतो, एवढं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. मध्ये काय बसवायचं असतं, ते ऐकायला ते थांबले नव्हते. त्यांनी मला थेट तिथे जोडलं. दोनशे व्होल्ट माझ्या अंगात शिरले. डाव्या कानातून जळका वास आला आणि तार तुटली. किसनरावांनी घाबरून मला फरशीवर फेकलं. त्या आपटण्याने उजव्या कानातलं लोहचुंबकही मवाळ पडलं.

"नाजूक माल हाय, काई कामाचा नाई," असं म्हणून त्यांनी खापर माझ्यावरच फोडलं. मग सहा-सात वर्षं मी खुंटीला. पण घरात रेडिओचं बटण 'खट्ट' वाजलं की माझ्या जिवाचं पाणी व्हायचं.

पुढे मी पुन्हा भंगारात गेलो आणि तिथे मला देवमन भेटला. हा अमरावतीचा रेडिओ दुरुस्त करणारा, बाजाराला अकोल्याला आलेला. त्याने माझे दोन्ही कान उघडले. तांब्याचा पैसा आणि लोखंडी खिळा जिभेवर ठेवला आणि माझ्या तारा त्यांना टेकवल्या. थुंकीच्या ओलाव्यातून मुंगीएवढी वीज निघाली. डावा कान गप्पच राहिला. उजव्यात 'टक्' झालं.

"हा जिता हाय," देवमन म्हणाला. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कुणी बोललेलं ते पहिलं चांगलं वाक्य.

मी कुणासाठी आलोय ते घरी गेल्यावर कळलं. देवमनच्या बायकोला, दुर्गाबाईला, दोन वर्षांपूर्वी मुदतीचा ताप आला होता. ताप गेला, जाताना कान घेऊन गेला. कानाशी ओरडलं तर तिला कळायचं. पण ती म्हणायची, "वरडलं म्हंजे समद्यायचा आवाज एकच येते." त्यांची एकुलती लेक शकुन नागपूरला मास्तरीण व्हायचं शिकत होती. तिचं पत्र आलं होतं की बुद्धपौर्णिमेला सकाळी साडेआठला ती नागपूर रेडिओवर गाणार आहे. दुर्गाबाईला लेकीचा आवाज ऐकायचा होता. ओरडलेला नाही, तिचा स्वतःचा.

आदल्या दिवशी देवमनने मला लाउडस्पीकरच्या तारांना जोडलं. मी जीव तोडून प्रयत्न केला.

"काईच आयकू येऊन नाई राह्यलं," दुर्गाबाई म्हणाली आणि मला काढून ठेवून पदराने डोळे पुसत चुलीकडे गेली.

देवमन माझ्याकडे बघत बसला. मग स्वतःशीच म्हणाला, "बैलाचं जू वासराच्या मानंवर ठेवून कसं चालंन? याले दाब पायजे." आणि त्याने रेडिओ उघडून शेवटच्या व्हॉल्व्हच्या पायावर बोट ठेवलं. तीच जागा! माझा डावा कान जिथे गेला ती.

पौर्णिमेच्या सकाळी त्याने तिथे कथलाचा डाग देऊन माझी तार जोडली. पण मध्ये एक कंडेन्सर बसवला. तो आवाजाची थरथर पुढे सोडतो आणि सरळ येणारी वीज अडवून धरतो. हे मला आता माहीत आहे. तेव्हा एवढंच दिसत होतं की तो कंडेन्सर जुन्या रेडिओतून काढलेला आहे आणि त्याच्या अंगावरचं मेण वितळून गेलंय. हा फुटका निघाला तर? मी मरेन ते मरेन, पण माझी लोखंडी पट्टी कुणाच्या तरी डोक्यावर असणार होती, आणि ते दोनशे व्होल्ट तिच्यातून त्या डोक्यात शिरले असते.

देवमनने मला स्वतःच्या डोक्यावर चढवलं. बटण 'खट्ट' वाजलं. त्याच्या कानशिलाची नाडी भराभर उडताना मला लागत होती, म्हणजे तोही भ्यालेला होता. मग माझ्या उजव्या कानातून बातम्या सांगणारा माणूस खणखणीत बोलायला लागला. आम्ही दोघेही शाबूत होतो.

तेवढ्यात दुर्गाबाई आली. सणाचा दिवस म्हणून डोक्यावरून न्हालेली, पांढरं पातळ नेसलेली, केसांतून पाणी ठिबकतंय. तिने मला घ्यायला हात पुढे केला. देवमनने मला मागे ओढलं.

"केस वले हायेत तुये!" तो तिच्या कानाशी ओरडला. "कंडेन्सर जुना हाय. असं नाई घालू देत मी."

"आवो, टाइम झाला ना. काहून थांबले?"

त्याने तिला पाटावर बसवलं आणि पंचाने तिचे केस पुसायला लागला. रेडिओवर शकुनचं नाव पुकारलं गेलं. गाणं सुरू झालं. दुर्गाबाई त्याच्या तोंडाकडे बघून विचारत होती, "सुरू झालं काय? सांगा ना, सुरू झालं काय?" तो मान हलवत नव्हता. लेक गात होती आणि बाप एकेक बट पिळून कोरडी करत होता. सायकलच्या ट्यूबचा तुकडा त्याने माझ्या पट्टीखाली घातला आणि मग मला तिच्या डोक्यावर ठेवलं.

शेवटचं कडवं उरलं होतं. देवमनने बटण हळूहळू फिरवलं. आवाज वाढला तशी मला डाव्या कानाची आठवण झाली. वाटलं, आता जळणार. पण मी थांबलो नाही. मवाळ चुंबकात होता नव्हता तेवढा सगळा जोर लावून ते कडवं मी तिच्या कानात सोडलं.

गाणं संपलं. दुर्गाबाईने मला काढून मांडीवर ठेवलं. देवमन समोर उकिडवा, पंचा हातात.

"शकूले सर्दी झाली," ती म्हणाली.

देवमनचे दोन्ही कान चांगले, पण त्याला काही कळलं नव्हतं. चौथ्या दिवशी शकुनचं कार्ड आलं. शेवटी लिहिलं होतं, 'माझा आवाज जरा बसला होता. आईला समजला नसेल.'

त्या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. माझ्या तारेवरचं सूत विटलंय आणि बाजारात ट्रान्झिस्टर आलेत. दुर्गाबाई अजून रोज सकाळी मला घालते, केस कोरडे करून. बटण 'खट्ट' वाजतं आणि मी अजून दचकतो. ही भीती आता माझ्याबरोबरच जाईल.

उद्या मी तुमच्या हाती आलो तर मला कुठे जोडायचं ते तुम्ही ठरवा. फक्त दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवण्याआधी मला एकदा स्वतःच्या कानाला लावून बघा.