सुभेदारांचं बाकडं

मित्रांनो, सांगलीत कृष्णाकाठच्या बागेत चिंचेखाली एक सिमेंटचं बाकडं आहे. बागेत गर्दी असूनही ते रिकामं दिसलं, तर ओळखा, तेच मी.

सुभेदार धनाजी पवार निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी या चिंचेखाली गप्पांचा फड जमवायचे. ते गेले. त्यांच्या माणसांना टेकायला जागा हवी म्हणून त्यांच्या पत्नीनं, रंगूबाईंनी, मला बांधून घेतलं. गवंड्याला बजावलं होतं, नाव पाठीवर कोर. त्या पठ्ठ्यानं ओल्या सिमेंटात ते नेमकं बसायच्या जागी कोरलं!

झालं! गेलेल्या माणसाच्या नावावर कोण बसणार? लोक येतात, चपला काढून मला नमस्कार करतात, जास्वंदीचं फूल ठेवतात आणि पलीकडच्या कट्ट्यावर जाऊन बसतात. तिकडे भेळ, हशा, उसाच्या दरावरून भांडणं. माझ्याकडे फक्त कावळे, कारण त्यांना वाचता येत नाही. अहो, मी देव नाही, बाकडं आहे! पूर आला तेव्हा निदान गाळ तरी माझ्यावर येऊन बसला होता.

रंगूबाईही येतात, पण माझ्याशेजारी मातीत बसतात. एकदा माझ्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "सगळी जमतील वाटलं हुतं. मीच ह्यास्नी एकटं पाडलं." तेव्हा मला फार वाईट वाटलं.

परवा गुडघ्यांनी बेजार झालेल्या रशीदाभाभी चालता चालता माझ्यावर टेकल्या. कट्ट्यावरून हंबीरराव ओरडले, "आवं भाभी, उठा! सुभेदारांचं नाव हाय त्यावर!"

बिचाऱ्या गडबडून उठू लागल्या. शेजारी मातीत बसलेल्या रंगूबाईंनी त्यांचा हात धरला.

"बसा तुमी. त्यास्नी मानसं लय लागायची."

"पर नाव झिजंल की, वैनी!" हंबीरराव तिकडूनच म्हणाले.

"झिजू द्या."

असं म्हणून पदर सावरत रंगूबाई स्वतःही माझ्यावर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच! दिवेलागणीपर्यंत दोघी सुनांविषयी, गुडघ्यांविषयी बोलत राहिल्या. माणसाचं वजन इतकं सुखाचं असतं, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कुणीतरी फूल ठेवून, नमस्कार करून निघून गेलं.

मित्रांनो, मला फुलं नकोत. दमला असाल तर या, बसा, पाय पसरून गप्पा मारा. ज्या दिवशी माझ्यावरचं नाव वाचता येणार नाही, त्या दिवशी सुभेदारांचा फड पुन्हा जमला असं समजा.