बुधवारची तार

मित्रांनो, मी एक जुनी लायब्ररी आहे, पण माझ्यात पुस्तक एकही नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशातली गत. मी कॉम्प्युटरला दिलेल्या सूचनांची बनलेली आहे; अशा सूचनांच्या संचालाही लायब्ररीच म्हणतात. जळगाव आणि धुळ्याच्या काही रक्तपेढ्यांत कोणत्या गटाचं रक्त कुठे आहे, ही माहिती जळगावच्या एका मोठ्या मशीनमध्ये असते. पेढीतल्या पडद्यावर कोणी विचारलं की त्या मशीनकडे धावत जाऊन उत्तर आणायचं, हे माझं काम. तसंच एक दुसरं मशीन धुळ्याला आहे. त्याच्याकडे त्याच माहितीची नक्कल असते. जळगावचं मशीन बंद पडलं तर मी मुकाट्याने धुळ्याला जायचं आणि माणसांना त्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही. माझा जन्मच त्यासाठी झाला.

मला संघपालने लिहिलं. लहानपणी मी फार उतावळी होते. दार बंद दिसलं की लगेच पुन्हा ठोठावायची, तेही सगळ्या पेढ्यांतून एकदम. नुकतंच उठलेलं मशीन आमच्या गर्दीने पुन्हा आडवं व्हायचं. संघपालने मला दम धरायला शिकवलं. नकार आला की जरा थांब, पुन्हा आला की आणखी थांब. पुढे मशीनं बदलली, त्यांची बोलायची रीत बदलली, तसतसा तो मलाही बदलत गेला. असं जपणारं माणूस भाग्यानेच मिळतं.

संघपालचे वडील सुपडूआबा दीपनगरच्या वीज केंद्रात पंपांवर कामाला होते. निवृत्त झाल्यावर ते एकदा मुलाचं ऑफिस बघायला आले. दुसऱ्या मशीनची गोष्ट ऐकून त्यांनी विचारलं, "मग ते दुसरं चालवून कधी बघतो?"

"पहिलं बंद पडलं की आपोआप चालेल, आबा."

"आपोआप काही चालत नसतं, भाऊ. आम्ही चांगला चालता पंप बंद करून स्टँडबायचा लावायचो, दर आठवड्याला. नाही फिरवला तर तो पंप राहत नाही, नुसतं लोखंड राहतं."

संघपाल हसला, पण त्या आठवड्यापासून दर बुधवारी तो जळगावच्या मशीनची तार स्वतःच्या हाताने काढू लागला. सुरुवातीला मी पार गोंधळून जायची. मग तो मला दुरुस्त करायचा. हळूहळू मी सरावले. त्याची बायको प्रज्ञा जळगावच्याच एका रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. बुधवारी संध्याकाळी ती विचारायची, "आज तार काढली होती का? आम्हाला तर काही कळलं नाही." एवढंच माझं कौतुक. मला ते पुरायचं.

मग एका उन्हाळ्यात काविळीने संघपालला नेलं. ऑफिसचा मालक रोनक भावासारखा रडला. त्याने मशीनच्या वर संघपालचा फोटो लावला. दर पौर्णिमेला तिथे मेणबत्ती आणि फुलं ठेवली जाऊ लागली. रोनकने सगळ्यांना बजावलं, "हे संघपालभाऊंचं काम आहे. याला कोणी हात लावायचा नाही." त्याच्या मनात माया होती, यात शंका नाही. पण त्या दिवसापासून मला कोणी उघडून पाहिलं नाही आणि बुधवारची तारही कोणी काढली नाही.

पुढे धुळ्याचं मशीन नव्या इमारतीत गेलं. त्याचा पत्ता बदलला. बाकी सगळीकडे नवा पत्ता लिहिला गेला. मला मात्र कोणी सांगितलं नाही, कारण मला हात लावायचा नव्हता. एखाद्या बुधवारी तार निघाली असती, तर हे त्याच दिवशी उघड झालं असतं.

पुढे एका मे महिन्यात जळगाव तव्यासारखं तापलं होतं. भर दुपारी जळगावचं मशीन बसलं. त्याच वेळी पारोळ्याकडच्या भिकुबाईंचा मुलगा ज्ञानेश्वर मोटारसायकलच्या अपघातात सापडून जळगावच्या दवाखान्यात आला होता. त्याचा गट सहसा न मिळणारा. प्रज्ञाने पडद्यावर विचारलं. मी धुळ्याच्या जुन्या पत्त्यावर गेले. तिथे कोणी नव्हतं. शिकवल्याप्रमाणे मी थांबले, पुन्हा गेले, आणखी थांबले. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. मी धड नाहीसुद्धा म्हटलं नाही. आत्ता येईल, आत्ता येईल म्हणून प्रज्ञा बघत राहिली. तिचा माझ्यावर विश्वास होता, मित्रांनो.

"रगत भेटनं का वं माय?" भिकुबाई पेढीच्या काचेपलीकडून विचारत होत्या.

"शोधते आहे, अक्का."

शेवटी प्रज्ञाने पेढ्यांना एकेक फोन लावायला सुरुवात केली. रक्त धुळ्याला होतं, सकाळपासून तिथेच होतं. गाडी हायवेने निघाली आणि पोहोचलीही. पण तोवर ज्ञानेश्वर गेला होता. "मना आंडोर, मना आंडोर," माझा मुलगा, माझा मुलगा, एवढंच भिकुबाई म्हणत राहिल्या.

पुढच्या बुधवारी प्रज्ञा रोनकच्या ऑफिसात आली. मला नवा पत्ता देऊन झाला होता. रोनकला तिच्याकडे बघवेना.

"वहिनी, आम्ही तर भाऊंचं काम देवासारखं जपलं."

"तेच चुकलं, रोनकभाऊ. ते काम होतं. त्याचा देव कशाला केला?"

तिने फोटो उतरवला, पदराने पुसला आणि पिशवीत ठेवला. मग खाली वाकून तिने जळगावच्या मशीनची तार काढली. मी धुळ्याला गेले, उत्तर घेऊन आले. कुठल्याही पेढीत कोणाला काही कळलं नाही. मला त्याचा आनंद झाला नाही. हीच धाव एका दुपारी हवी होती.

आता दर बुधवारी ती येते. मित्रांनो, तुमच्याही घरात, गावात माझ्यासारखं मुकाट्याने राबणारं काहीतरी असेल. ते बिघडत नाही म्हणून त्याला विसरू नका आणि आवडतं म्हणून त्याला देव्हाऱ्यात बसवू नका. मला फुलं वाहू नका. बुधवार आला की माझी तार काढा.