माझ्या वाट्याचं गोड पाणी

ऑपरेशनची मला भीती नव्हती, भीती होती नंतरच्या उलट्यांची. मागे अपेंडिक्स काढलं तेव्हा टाके ताजे आणि उलट्या थांबता थांबेनात, जीव नकोसा झाला होता. म्हणून या वेळी पित्ताशय काढायचं ठरल्यावर भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी आधी तेच विचारलं. त्या म्हणाल्या, आता पूर्वीसारखं कोरडं ठेवत नाही, दोन तास आधी कार्बोहायड्रेटचं गोड पाणी पाजतो. त्यानं काहींची मळमळ कमी होते. मी त्या पाण्यावर सगळी भिस्त ठेवली.

आमच्या ह्यांना काही ते पटेना. ऑपरेशन म्हणजे उपाशीपोटीच, असं ह्यांचं ठाम मत. वर जाहीर केलं, बायको उपाशी तर मीही उपाशी. सगळ्या नातेवाइकांना फोन करकरून सांगितलं. चहा गार झाला तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस! मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

सकाळी सिस्टरनं बाटली आणून ठेवली, सगळी संपवा म्हणून बजावलं. मी गाऊन घालायला बाथरूममध्ये गेले. बाहेर येऊन बघते तर हे माझ्या कॉटवर, माझ्याच उशीला टेकलेले आणि बाटली रिकामी. चक्कर आली म्हणे. दोनच घोट घेणार होते, पण चव बरी लागली. दुसरी मागायला मी बेलकडे हात नेला तर ह्यांचं तोंड एवढंसं झालं.

"अगं, सिस्टर काय म्हणतील? लाज जाईल माझी."

आणि मी गप्प बसले. सवय, दुसरं काय.

शुद्धीवर आले ती ओकतच. पोट धरून मी रडत होते आणि शेजारी हे थोरल्या जाऊबाईंना सांगत होते की हिच्यासाठी अन्नाचा कण तोंडात घेतला नाही. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं जाऊबाईंनी डोळे टिपत मला ऐकवलं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. इंजेक्शन द्यायला सांगून हळहळल्या, ते पाणी पिऊनही एवढा त्रास? म्हणजे तुम्हाला त्याचा उपयोग झालेला दिसत नाही.

ह्यांनी लगेच मान डोलावली. "मी आधीच म्हणालो होतो. असल्या नव्या फॅडांत काही अर्थ नसतो."

मी उलटीचं भांडं बाजूला ठेवलं आणि तोंड पुसलं.

"पाणी चांगलं आहे, डॉक्टर. ज्यांनी ते प्यायलं त्यांना सकाळपासून जराही मळमळलेलं नाही. हे काय, इथेच बसलेत. विचारा की."

मला पुन्हा उमळून आलं तेव्हा भांडं जाऊबाईंनी धरलं.