रेघेपलीकडे बसायचं नाही

आज धाकटीची शर्यत होती. हरण्याचं तिला काही नव्हतं. भीती होती ती पडण्याची.

राष्ट्रीय क्रीडा महोत्सव सुरू झाला, तेव्हा पहिल्याच खेपेला बायकांची दोन फेऱ्यांची शर्यत ठेवली होती. तीत धाकटीची मावशी धावली, तिसरी आली आणि रेघ ओलांडून गवतावर आडवी झाली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तिचाच फोटो. बायकांना हे झेपत नाही, असं डॉक्टर मंडळींनी ठरवून टाकलं आणि पुढच्या कित्येक महोत्सवांतून ती शर्यतच गायब झाली. मावशी शिवणाच्या दुकानात बसू लागली. पुढे भाचीलाही तिनं तिथेच मशीनवर बसवलं, आणि दुकान बंद झालं की पळायलाही तिनंच शिकवलं.

आता शर्यत परत आली होती, पण ‘बघू या’ एवढ्याच बोलीवर.

कपडे बदलायच्या खोलीत शर्यतीतल्या पाचही जणी बूट चढवत होत्या. धाकटीला बुटाची नाडी बांधता येईना. मावशीनं खाली बसून बांधून दिली.

“मावशी, तेव्हा तुला खरंच चक्कर आली होती?”

“छे गं. दमले होते, पडून राहिले. पुरुषही पडले होते की तिथेच, ओळीनं. त्यांचे फोटो कोण काढतंय?”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगून सांगून तोंड दुखलं.” मावशी बाकीच्या चौघींकडे वळली. “पोरींनो, कुणीही जिंका. पण रेघेपलीकडे बसायचं नाही.”

मैदानावर स्ट्रेचर आधीच आणून ठेवलं होतं, आणि फोटोवाले त्याच्याभोवतीच घुटमळत होते. ते बघून धाकटीनं तिकडे पाठ केली.

पहिली फेरी कशीबशी गेली. दुसरीत कुशीत कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली. आपण पडणार, या विचारानंच ती पळत राहिली. चौथी आली. रेघ ओलांडताच ती खाली बसायलाच निघाली. पांढऱ्या कोटातले डॉक्टर लगबगीनं पुढे येताना दिसले, तसं शर्यत जिंकलेल्या, टपाल वाटणाऱ्या उंच मुलीनं तिचा दंड घट्ट धरला.

“चालत राहा,” ती दात आवळून म्हणाली. “आणि हस.”

बाकीच्या तिघी येऊन चिकटल्या. कोण कुणाला सावरतंय हे कळत नव्हतं. पाचही जणी हसत, झोकांड्या खात, स्ट्रेचरच्या बाजूनं पुढे गेल्या.

खोलीत शिरताच मावशीनं कडी लावली. सगळ्या फरशीवर कोसळल्या. एक बादलीत ओकत होती.

दारावर थाप पडली. “सगळ्या ठीक आहेत ना?” डॉक्टरांचा आवाज.

धाकटी धडपडत उठून बसली.

“कपडे बदलतायत,” मावशी म्हणाली. “थांबा जरा.”

पुढच्या महोत्सवातही शर्यत राहिली. धाकटी पुन्हा धावली, आणि भीती तिला तेव्हाही तितकीच वाटली.