पॅडलला बांधलेली दोरी

मोठ्या सरांचा निकाल सकाळच्या चहालाच लागलेला होता. विभागप्रमुख या नात्यानं त्यांचा शब्द प्राचार्य खाली पडू देत नसत, आणि तो शब्द ठरला होता: नव्या मॅडमना पुढच्या सत्रात ठेवायचं नाही. मेकॅनिक्सचा अभ्यासक्रम दोन प्रकरणं मागे, वर्गात बाजार भरल्यासारखा गोंगाट, शेजारच्या वर्गाची तक्रार. आज त्यांच्या तासाला जाऊन बसायचं ते आपलं रीत म्हणून.

"बघायला चाललात की निकाल द्यायला?" बायकोनं विचारलं. ती जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे सरांचा दबदबा घरी चपलांबरोबर दाराशीच उतरायचा.

"बघूनच देणार ना!" सर म्हणाले. हे खोटं आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

माणूस वाईट नव्हता हो. फळ्यावर अक्षर मोत्यासारखं. डाव्या कोपऱ्यात सुरू केलेलं गणित तास संपता संपता उजव्या कोपऱ्यात उत्तराला पोचायचं आणि मुलं ते निमूट उतरवून घ्यायची. कोणी प्रश्न विचारत नसे. सर याला समजणं म्हणत.

मॅडमच्या वर्गात फळा कोराच होता. टेबलापुढे एक सायकल उभी होती, मॅडमची स्वतःची, रोज कॉलेजला येताना चालवायची. एक पॅडल पार खाली आणलेलं, त्याला दोरी बांधलेली आणि दोरी मागच्या चाकाकडे जमिनीवर सोडलेली.

"मी सायकल पडू नये इतपतच धरणार," मॅडम म्हणाल्या. "दोरी मागं ओढली, तर सायकल पुढं जाईल की मागं?"

त्यांच्या वर्गाचा एक रिवाज होता. उत्तर ओरडायचं नाही. प्रत्येकाकडे पुठ्ठ्याचा बाण, तो आपल्याला वाटेल त्या दिशेनं उंच धरायचा. शेजाऱ्याचा बाण उलटा निघाला तर त्याच्याशी वाद घालायचा, आणि तो मिटेपर्यंत मॅडम तोंड उघडणार नाहीत. गोंगाटाचं मूळ हे होतं तर!

"सर, पाहुण्यांनाही सुटका नाही," म्हणत मॅडमनी एक बाण सरांच्या हातात दिला.

सरांना हसू आलं. पोरखेळ नुसता! खालचं पॅडल मागं गेलं की साखळी फिरते, चाक फिरतं, सायकल पुढं. शेंबडं पोरही सांगेल. त्यांनी बाण पुढं धरला. वर्गभर बाण पुढंच होते. एकच उलटा होता, नेमका सरांच्या बाकावर शेजारी बसलेल्या मुलीचा. कधी बोलायची नाही म्हणून पोरांनी तिचं नाव मौनी ठेवलं होतं.

"काय गं, मागं कशी?" सरांनी विचारलं.

"सर, ते... जमिनीवरून बघितलं तर पॅडल..."

"जमिनीचं काय घेऊन बसलीस? साखळी कुठं फिरते ते बघ. रोज सायकल चालवतेस ना?"

"हो सर," मौनी म्हणाली, आणि तिनं बाण फिरवला.

मॅडमनी ते पाहिलं. आपल्या नोकरीचा फैसला कोण करणार हे त्यांना पुरतं माहीत होतं. घरी आजारी वडील होते, मिळवणाऱ्या त्या एकट्या.  तरी त्या म्हणाल्या, "मौनी, बाण का फिरला?"

"सर म्हणाले म्हणून."

"सायकलवर बल कोण लावू शकतं? पृथ्वीचं ओढणं सोडून सांग."

"जे तिला टेकलंय ते."

"सर टेकलेत?"

 मौनी कशीबशी म्हणाली, "नाही, मॅडम."

"मग बलं दाखवायच्या आकृतीतून त्यांना बाहेर काढ."

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अंगात मुरलेला विभागप्रमुख उठून तडक बाहेर पडणार होता. पण त्याच्याही आत कुठंतरी एक हट्टी विद्यार्थी अजून शाबूत होता, त्याला राहवेना. "मीच ओढतो," म्हणत सर पुढे गेले, सायकलच्या मागं उकिडवे बसले, आणि त्यांनी दोरी ओढली.

सायकल मागं आली. मुकाट्यानं, सरळ, सरांच्या गुडघ्यावर.

हसायची कुणाची हिंमत झाली नाही. सरांनी दोरी सैल सोडली, सायकल जागेवर लावली, पुन्हा ओढली. पुन्हा मागंच.

"मौनी," सर खालूनच म्हणाले, "जमिनीचं काय म्हणत होतीस ते सांग बरं."

ती आली. खालच्या पॅडलच्या बरोबर खाली तिनं जमिनीवर खडूनं खूण केली आणि सायकल वीतभर मागं सरकवली. "बघा सर, पॅडलही खुणेच्या मागंच गेलं. सायकलपेक्षा कमी, पण मागंच. मग दोरीनं त्याला मागं आणलं, तर सायकल पुढं कशी जाईल?" आता तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत होता. "साखळी सायकलच्या आतली, सर. घरातली माणसं आपसात कितीही ओढाताण करोत, घर थोडंच जागचं हलतं?"

आता मात्र वर्ग खदखदून हसला, आणि सरही हसले. केवढा आनंद झाला त्यांना! असा शेवटचा कधी झाला होता ते त्यांना आठवेना. मॅडमकडे त्यांनी वर पाहिलं. त्या अजून सायकल पडू नये इतपतच धरून उभ्या होत्या. ही बाई सगळं पणाला लावून एका मुलीच्या बाणापाठीमागं उभी राहिली होती. सरांना तिच्याबद्दल मनापासून आदर वाटला.

तास संपल्यावर ते प्राचार्यांच्या खोलीत गेले.

"काय, अभ्यासक्रम मागे आहे ना त्यांचा?" प्राचार्यांनी विचारलं.

"आहे."

"तुमचा तर कायम वेळेत संपतो."

"संपतो," सर म्हणाले. "पण आजवर एकही पोर मला 'सर, तुमचं चुकलं' म्हणालं नाही. मला वाटायचं, माझं चुकतच नाही."

प्राचार्य गोंधळले. "म्हणजे मॅडमना ठेवायचं म्हणता?"

"ठेवायचं काय, साहेब? सोडायचं नाही म्हणतो."